स्कार्दची बेरा आणि पिवळी चरबी

बेराच्या अंत्यविधीला पाद्रीबुवा म्हणाले की ती फार मोठ्या मनाची होती, तिने आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नाही. मी दुसऱ्या बाकावर बसले होते. शेजारी बसलेल्या बार्दुरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, खोकल्याचं निमित्त करून रुमाल तोंडावर धरला. पाद्रीबुवा नवे आहेत, खाडीत येऊन त्यांना वर्षही झालेलं नाही, त्यांचा काय दोष! पण हेच उद्या सगळे म्हणायला लागतील आणि खरी बेरा कुणाला कळणार नाही, म्हणून मी लिहायला बसले आहे. बेरा मोठ्या मनाची नव्हती. तिने एका माणसावर डूख धरला आणि तो इतक्या निगुतीने सांभाळला, की तेवढ्या निगुतीने आम्ही आमची मुलंही वाढवली नसतील. आणि मला ती त्याचसाठी आवडायची.

उत्तरेच्या थंड समुद्रावरच्या आमच्या खाडीत माणसं मोजकी आणि मेंढ्या मोप. स्कार्द हे सगळ्यात टोकाचं शेत, त्याच्यापुढे नुसता कडा आणि समुद्र. तिथे बेरा आणि तिची आई अशा दोघीच राहायच्या. बाप ती लहान असतानाच मासेमारीला गेला तो परत आला नाही. लग्न बेराने केलं नाही. का केलं नाहीस, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "आला होता एक जण मागणी घालायला. त्याला गोठ्यात नेऊन आणलं. मेंढीच्या पाठीवर हात ठेवायचीसुद्धा अक्कल नव्हती गं त्याला." तेवढ्यावर तो विषय संपला. धिप्पाड बाई होती, चालता चालता विणायची, बोलायची कमी. पण जे बोलायची ते ऐकणाऱ्याला आठवडाभर पुरायचं.

आता मेंढ्यांचं सांगायला हवं, त्याशिवाय बेरा कळायची नाही. आमच्या मेंढीच्या अंगावर लोकरीचे दोन थर असतात. वरचा लांब आणि राठ, पाऊस निथळवणारा. आतला आखूड, मऊ, दाट. आतला थर भरपूर हवा, वरचा फार राठ नको, आणि पांढरी मेंढी असेल तर मानेवर तांबूस केस अजिबात नकोत. ही झाली लोकर. मांसाचं शास्त्र वेगळं. पाठ रुंद हवी, कंबर भरलेली, मांड्या गोल. अडचण अशी की मांड्यांच्या मागे लागून मेंढा निवडत गेलं की लोकर काथ्यासारखी होते, आणि लोकरीवर भाळून निवडत गेलं की पाठीचा कणा हाताला टोचायला लागतो. खाडीतल्या पुरुषांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला होता, त्यांनी लोकरीचा नादच सोडला. कत्तलखाना मांड्या बघतो, लोकर काय, पोत्यात कोंबली की झालं! स्कार्दच्या बायकांनी मात्र बेराच्या आजीपासून हट्ट धरला होता की दोन्ही एकाच कातडीत आणायचं. त्यांनी ते आणलंही. बेराच्या लोकरीचा स्वेटर मी अजून घालते. माझ्या सुनेला वाटतं तो मेंढीचा नाहीच.

आणि विदिवेल्लिरचा स्कुली. खाडीतलं सगळ्यात मोठं शेत त्याचं. पैदास मंडळाचा अध्यक्ष तोच. सप्टेंबरात डोंगरावरून कळप उतरवणाऱ्यांच्या म्होरक्याला आम्ही डोंगरराजा म्हणतो, तर डोंगरराजाही तोच. दिसायला देखणा, आवाज दणदणीत, आणि हात असे की डोळे मिटून मेंढ्याच्या पाठीवर बोटं फिरवली की मांस किती, चरबी किती ते सांगायचा. कत्तलखान्यात मोजलं की तसंच निघायचं. हे मला मान्य करावं लागतं, मनात नसलं तरी.

ज्या सप्टेंबरात हे सगळं सुरू झालं तेव्हा मी मेंढवाड्याशेजारच्या तंबूत सूप वाढत होते, त्यामुळे पुढचं मी बार्दुरकडून ऐकलेलं सांगते. मेंढवाडा म्हणजे मधे मोठं गोल अंगण आणि भोवती प्रत्येक शेताचा एकेक कप्पा. उन्हाळाभर डोंगरावर मोकळ्या चरलेल्या सगळ्यांच्या मेंढ्या मधल्या अंगणात येतात, मग प्रत्येक जण कान बघून आपली मेंढी ओळखतो आणि शिंगांना धरून आपल्या कप्प्यात ओढत नेतो. कानाला प्रत्येक शेताची वेगळी खूण कापलेली असते. स्कार्दची खूण म्हणजे उजव्या कानाचं टोक उडवलेलं आणि डाव्या कानाला मागून अर्धचंद्र. त्या दिवशी एक पांढरं नर कोकरू निघालं. त्याच्या डाव्या कानाला अर्धचंद्र होता, पण उजवा कान कशात तरी अडकून मुळापासून फाटला होता. आणि डाव्या कानाला अर्धचंद्र कापणारी शेतं खाडीत आणखीही होती.

"हे माझं," बेरा म्हणाली. "करड्या तोंडाच्या मेंढीचं आहे."

"मेंढी कुठाय?" स्कुलीने विचारलं.

"अजून वरच असेल. दुसऱ्या फेरीत उतरेल."

स्कुलीने खूण तपासायला म्हणून कोकरू धरलं. बार्दुर सांगतो, त्याची बोटं लोकरीत शिरली आणि तिथेच राहिली. मग पाठीवरून फिरली, कमरेवरून फिरली, मांड्या चाचपून पुन्हा लोकरीत गेली. आयुष्यभर जे दोन्ही एकत्र मिळत नाही असं तो सगळ्यांना सांगत आला होता, ते त्याच्या हातात होतं.

"एका कानाची खूण ही खूण नव्हे," तो म्हणाला. "बेवारशी कोकरू पंचायतीचं. पंचायत आत्ता इथेच लिलाव करणार. नियम आहे."

"दोन आठवडे थांब, स्कुली. आई उतरली की कोकरू आपोआप तिच्याकडे जाईल."

"नियम माझा नाही, बेरा."

"कोकरूही तुझं नाही."

लोक हसले. ते बेराच्या बाजूने हसले होते, आणि तेच स्कुलीला झोंबलं. तो मोठ्याने म्हणाला, "खूण नसलेलं कोकरू आणि नवरा नसलेली बाई, दोघांचा निवाडा शेवटी पंचायतीलाच करावा लागतो!"

मग लोक पुन्हा हसले. या वेळी दुसऱ्या बाजूने.

लिलाव झाला. कुणीतरी बेराच्या कानात सांगितलं की बाई, हात वर कर, तुझ्यावर कुणी बोली चढवणार नाही. बेरा म्हणाली, "माझंच कोकरू मी विकत घेऊ?" आणि हाताची घडी घालून उभी राहिली. शहाण्या माणसाने हात वर केला असता, कोकरू घरी नेलं असतं आणि वर्षभर स्कुलीच्या नावाने बोटं मोडली असती. पण आमच्या खाडीत ताठ मान हा आजार घराघरांत आहे, आणि स्कार्दला तर तो जरा जास्तच. स्कुलीने कोकरू घेतलं. दोन आठवड्यांनी करड्या तोंडाची मेंढी दुसऱ्या फेरीत उतरली आणि विदिवेल्लिरच्या दिशेला तोंड करून कुंपणाशी ओरडत राहिली. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. स्कुलीने त्या कोकराचं नाव 'वारसा' ठेवलं, आणि मंडळाच्या नोंदीत त्याची आई म्हणून स्वतःचीच एक मेंढी दाखवली. काय म्हणावं या माणसाला!

लिलावाच्या संध्याकाळी बेरा घरी पोचली तेव्हा तिची आई बटाटे सोलत होती. बेराने अंगातला कोटही न काढता घडलेलं सांगितलं. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुणाचं कोकरू म्हणालीस?"

"करडीचं."

म्हातारीने सुरी खाली ठेवली आणि हसायला लागली. बेरा मला पुढे सांगायची, आईला इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. "नेऊ दे," म्हातारी म्हणाली. "सुखाने नेऊ दे. फक्त तू तोंड उघडू नकोस."

गोष्ट अशी होती. स्कार्दच्या कळपात एक घराणं पिवळ्या चरबीचं होतं, आणि करडी त्यातलीच. मेंढा आणि मेंढी दोघांच्याही रक्तात ते असेल, तर काही कोकरं अशी निपजतात की त्यांची चरबी उन्हाळ्याचं हिरवं गवत खाऊन लोण्यासारखी पिवळी होते. मांस खायला उत्तम असतं, पण कत्तलखान्यात ते सोललेलं धड बघितलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं. आणि जिवंत जनावरात हे कशानेही कळत नाही. लोकर बघून नाही, तोंड बघून नाही, पाठ चाचपून तर नाहीच. स्कुलीची बोटं सगळं सांगायची, पण चरबीचा रंग बोटांना कसा कळणार? म्हणून स्कार्दला नियम होता की मेंढा त्याच्या लेकींना कधी लावायचा नाही. शिवाय त्या घराण्यातल्या काही मेंढ्या बेरा मुद्दाम राखून होती. नवा मेंढा आधी त्यांना लावायचा, त्यांची कोकरं लागोपाठ काही वर्षं पांढऱ्या चरबीची निघाली, तरच त्याला बाकीच्या कळपात सोडायचं. हे काम वेळखाऊ होतं आणि खाडीत दुसरं कुणी ते करत नव्हतं. वारसाला अजून ही परीक्षा द्यायची होती.

बेराला मेंढा परत नको होता. तिला एकच हवं होतं. त्याच मेंढवाड्यात, त्याच लोकांसमोर, स्कुलीने स्वतःच्या तोंडाने म्हणावं की ते कोकरू स्कार्दचं होतं. त्यासाठी ती म्हातारी व्हायलाही तयार होती.

वारसा मोठा झाला आणि प्रदर्शनात पहिला आला. खाडीतले सगळे स्कुलीकडून त्याची पोरं घ्यायला लागले. मंडळाच्या एका बैठकीत कॉफी चालली होती तेव्हा स्कुली सांगत होता की अशी पाठ आणि अशी लोकर पक्की करायची तर रक्त बाहेर जाऊ द्यायचं नाही, आता तो वारसाला त्याच्याच लेकींना लावणार होता.

बेरा कोपऱ्यात विणत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "लेकींना?"

"लेकींना, आणि पुढे नातींनाही. का, तुला काही म्हणायचंय?"

"मला? छे. तू अध्यक्ष आहेस."

मी तिच्या समोरच बसले होते. तिच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला. तेव्हा मला वाटलं तिचा दात दुखत असावा.

दर शरदात कत्तलखान्याचा हंगाम सुरू झाला की आम्ही शेतावरच्या बायका तिथे कामाला जायचो. सोललेली धडं आकड्यांना टांगून आमच्यासमोरून सरकत यायची, आम्ही ती धुवायची, साफ करायची. प्रत्येक धडाला शेताची चिठ्ठी असायची. एका सकाळी पांढऱ्या धडांच्या रांगेत एक पिवळं आलं. बेरा माझ्या शेजारी उभी होती. तिने चिठ्ठी उलटून बघितली. विदिवेल्लिर. तिने ते धड धुतलं, इतकं सावकाश आणि इतकं स्वच्छ, की मागे रांग अडली आणि मुकादम ओरडला. दुपारी तिने दोन कप कॉफी प्यायली आणि माझ्या डब्यातलं एक क्लैना, आमचं ते तळलेलं पिळाचं, न विचारता खाल्लं. असं ती कधी करायची नाही.

पुढच्या वर्षी पिवळी धडं जास्त आली. त्याच्या पुढच्या वर्षी तर विदिवेल्लिरची कोकरं आली की मुकादम आधीच कपाळाला हात लावायचा. ज्यांनी स्कुलीचे मेंढे घेतले होते, त्यांच्याकडेही अधूनमधून एखादं निघायचं. आमच्याकडेही निघालं. आधी सगळ्यांना वाटलं कावीळ असेल. तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी मंडळाच्या बैठकीत सांगितलं की ही कावीळ नव्हे, हे रक्तातून येतं, आईबाप दोघांकडून. या भागात असं कुठलं घराणं आहे का?

कोपऱ्यातून एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "स्कार्दला होतं. बेराच्या आजीच्या वेळी मी बघितलेलं आहे."

सगळे स्कुलीकडे बघायला लागले. हिशेब लहान मुलालाही जमला असता. स्कार्दचं रक्त विदिवेल्लिरला गेलंच कसं? स्कुलीने तर नोंदीत स्वतःची मेंढी दाखवली होती. आता एकतर तो खोटारडा, नाहीतर त्याचा स्वतःचा कळप पिढ्यान्‌पिढ्या खराब. स्कुली लाल झाला आणि म्हणाला, "समुद्राचं शेवाळ खातात माझी कोकरं किनाऱ्यावर. त्याचा रंग आहे." डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं आणि ते गाडीत जाऊन बसले.

त्या दिवशी मी बेराला चांगलीच धारेवर धरलं. "तुला पहिल्यापासून माहीत होतं! स्कुलीचं सोड, आमचं काय? आमच्या कोकराचं धड पिवळं निघालं, तेव्हा तू शेजारी उभी राहून ते धुतलंस. एक शब्द बोलता आलं नाही तुला?"

"तुझा नवरा लिलावाच्या दिवशी मेंढवाड्यात होता, रूना," ती म्हणाली. "आधी हसला, मग बुटांकडे बघत उभा राहिला. बूट फार छान होते का?"

मी घरी जाऊन बार्दुरला जेवायला वाढलं नाही.

त्या हंगामानंतर स्कुली स्कार्दला आला. मी बेराकडे लोकर निवडायला गेले होते. उठायला लागले तर बेरा म्हणाली, "बस. तुझं काम झालेलं नाही." तिने स्कुलीला पाहुण्यांच्या कपात कॉफी दिली.

"कॉफी चांगली आहे," स्कुली म्हणाला.

"कॉफीसाठी तू इतक्या लांब आला नाहीस."

"एक मेंढा हवाय. तुझा तपासलेला."

"माझा मेंढा काय करणार? तुझ्याकडे शेवाळाने पिवळं होतं ना? माझे मेंढे शेवाळ खात नाहीत."

"बेरा, उगाच छळू नकोस."

"मी कुठे छळतेय? साखर घे."

बाहेरचा मेंढा आणणं त्याला शक्यच नव्हतं. साथीच्या भीतीने एका भागातली मेंढी दुसऱ्या भागात न्यायला बंदी आहे. सरकारी केंद्रातलं वीर्य डिसेंबरात येतं, पण तेव्हा आमचा घाट बर्फाने बंद असायचा. आणि खाडीतल्या बाकी सगळ्या मेंढ्यांत तोवर वारसाचंच रक्त पसरलं होतं. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"काय हवंय तुला?" शेवटी स्कुलीने विचारलं.

"मेंढवाड्यात सगळे जमलेले असताना सांग की ते कोकरू स्कार्दचं होतं."

"इतकी जुनी गोष्ट! कुणाला आठवतेय आता?"

"तुला आठवते. मला आठवते. दोघं पुरे."

"लोक काय म्हणतील?"

"मला काय म्हणाले ते तेव्हा मला कळलं. तुला काय म्हणतात ते तुला कळेल."

स्कुली उठला. कॉफी अर्धी राहिली. त्या डिसेंबरात त्याने पुन्हा स्वतःचेच मेंढे लावले. नुसत्या हट्टापायी! पुढच्या वर्षी कत्तलखान्याने कळवलं की विदिवेल्लिरची कोकरं आता सगळ्यांच्या शेवटी, वेगळी घेतली जातील. इतक्या वर्षांचा अध्यक्ष, आणि त्याची जनावरं रांगेच्या शेपटाला! मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. बेराच्या आईने तेवढं ऐकलं आणि त्याच हिवाळ्यात समाधानाने डोळे मिटले.

त्यानंतरच्या सप्टेंबरात कळप उतरले, लोक जमले, आणि पहिल्या मेंढीला कुणी हात लावायच्या आत स्कुली मेंढवाड्याच्या दगडी भिंतीवर चढला. त्या वर्षी मी सूप वाढायचं साफ नाकारलं होतं. मी अगदी पुढे उभी होते.

"त्या वर्षीच्या एका कोकराबद्दल बोलायचंय," तो म्हणाला. "कदाचित तेव्हा काही चूक झाली असेल..."

"कदाचित नको," बेरा खालून म्हणाली.

"चूक झाली."

"चूक कुणाची? कोकराची?"

कुणीतरी खिदळलं आणि लगेच गप्प झालं. स्कुली म्हणाला, "ते कोकरू स्कार्दचं होतं. करडीचं."

"आणि?"

"आणि काय?"

"आणि तुला माहीत होतं."

"हो," स्कुली म्हणाला. "हात लावला तेव्हाच माहीत होतं."

मला वाटलं, झालं, संपलं. बेरा रडेल, नाहीतर निदान त्याच्याशी हात मिळवेल. तिने यातलं काही केलं नाही. गाडीच्या मागून एक मेंढा उतरवला आणि शिंगांना धरून स्कुलीपुढे आणला. पूर्ण वाढलेला, तपासून झालेला, शुभ्र पांढरा. स्कुलीचा हात आपोआप लोकरीत गेला, मग पाठीवर. त्याही अवस्थेत त्याचा चेहरा उजळला. मी बघितलं ना! असा मेंढा त्याने वारसानंतर हातात धरला नव्हता. खरं तर वारसाहूनही हा सरस होता.

"नाव काय याचं?" त्याने विचारलं.

"चोर."

स्कुलीचा हात लोकरीत तसाच राहिला. "मी बदलेन."

"नोंद झालेली आहे. कोकरू होतं तेव्हाच केली." आमच्याकडे मेंढ्याचं नाव एकदा मंडळाच्या नोंदीत गेलं की ते मरेपर्यंत बदलत नाही. मेल्यावरही नाही, कारण ते त्याच्या पोरांच्या वंशावळीत जातं, आणि प्रदर्शनात प्रत्येक जनावर पुढे आलं की बापाचं नाव मोठ्याने वाचावं लागतं.

स्कुली मेंढ्याकडे बघत राहिला. नको म्हणता आलं असतं. पण पाठ हाताखाली होती, लोकर हाताखाली होती. त्याने मेंढा घेतला.

मी वळून बार्दुरकडे बघितलं. मंडळाचा चिटणीस तोच. "तुला हे नाव माहीत होतं?"

"नोंद मीच केली," तो म्हणाला. "एवढं तरी करायलाच हवं होतं मला." त्या रात्री मी त्याला दोनदा वाढलं.

त्यानंतरच्या वर्षी ऑक्टोबरात मेंढ्यांचं प्रदर्शन भरलं. आम्ही सगळे सभागृहात बाकांवर बसलो होतो. बेराने त्या दिवशी विणकाम आणलं नव्हतं. स्कुलीचं नर कोकरू पुढे आलं आणि भोंग्यावरून आवाज आला, "विदिवेल्लिर. मालक स्कुली. बाप चोर."

पहिलं हसू मागच्या बाकांवरून आलं आणि मग सगळं सभागृह हसलं. बार्दुर डोळे पुसत होता. परीक्षकांनी पाठ चाचपली, मांड्या चाचपल्या, लोकर फुंकर मारून उलगडली आणि आत बघून एकमेकांकडे बघितलं. इतके गुण त्यांनी आजवर कुणाला दिले नव्हते. पांढरी लोकर रेशमासारखी, पाठ ताटाएवढी. पहिला नंबर! म्हणजे भोंग्यावर पुन्हा सगळं वाचणं आलं. मालक स्कुली, बाप चोर. मग फिरता चषक होता, तोही यालाच. पुन्हा एकदा. आणि स्कुलीला दर वेळी कोकराचं शिंग धरून, ताठ उभं राहून ते ऐकावं लागत होतं.

मी बेराच्या कानाशी लागले. "अगं, पण एवढा चांगला मेंढा त्याला द्यायचा कशाला? एखादा रडका दिला असतास तरी त्याने मुकाट घेतला असता."

"रडक्या मेंढ्याची पोरं पहिल्याच शरदात कापली जातात, रूना," ती म्हणाली. "मग नाव कोण वाचणार? याची पोरं सगळे घेतील. तूही घेशील. आपण दोघी मेल्यावरही इथे कुणीतरी उभं राहून वाचत असेल."

स्कुली चषक घ्यायला पुढे आला तेव्हा सगळ्यात आधी टाळ्या तिने वाजवल्या.